निळी गोधडी वाळत पडली की

फाल्गुन लागला की आमच्या गल्लीचा वास बदलतो. आधी माझ्या चक्कीतून भिजवून सुकवलेल्या ज्वारीची गरम भरड निघते, तिचा वास ओल्या मातीला थोडं भाजल्यासारखा. मग दोन दिवसांनी पहाटे घराघरांच्या गच्चीवर चुली पेटतात, मोठ्या पातेल्यात त्या भरडीचा घाटा रटरटू लागतो, त्यात वाटलेला लसूण, हिरवी मिरची, तीळ, जिरं पडतं आणि खाली गल्लीत दात घासत उभे असलेले पुरुषसुद्धा नाक वर करतात. हा आमचा बिबड्यांचा हंगाम. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. पण पापड म्हटलं की जी लाटण्या-पोळपाटाची नाजूक कामगिरी डोळ्यांपुढे येते, तिचा इथे संबंध नाही. इथे उकळता घाटा, खाटेवर अंथरलेलं ओलं धोतर, पाण्यात बुडवलेली बोटं आणि थापणाऱ्या बाईचं तोंड, एवढ्यावर सगळं चालतं. तोंड बंद ठेवून थापलेले बिबडे कुरकुरीत होत नाहीत, असं माझं मत आहे.

आता शहाद्याच्या बाजारात तयार बिबडे मिळतात, पिशवीत बंद, सगळे एका मापाचे, शाळेतल्या मुलांसारखे रांगेत. माझी सून तेच आणते. तरीही आमची गल्ली गच्चीवर चढतेच, कारण पिशवीतल्या बिबड्यांबरोबर गप्पा येत नाहीत. आणि मी चक्कीवाली भाभी. गल्लीची ज्वारी माझ्याकडून दळून जाते आणि गल्लीची बातमीही. दोन्ही थोडी जाडीभरडी निघते, हा आरोप मला मान्य आहे. लग्नात वरात निघून गेली की मागे उरलेल्या बाया सोंगं काढतात, त्यात मी नेहमी हवालदार होते. मिशी काळ्या काजळाची, दंडुका लाटण्याचा. नवरदेवाच्या आत्याला मी एकदा चौकशीसाठी अटक केली होती, ती अजून मला भेटली की हात पुढे करते. सांगायचं एवढंच, की नाटक माझ्या अंगात आहे. आणि आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं नाटक मी अशाच एका फाल्गुनात बसवलं. त्याला प्रेक्षक पुष्कळ होते, आणि ते नाटक आहे हे त्यांपैकी एकालाही कळलं नाही.

माझ्या घराला लागून केसरमायचं घर आहे. मध्ये एक बुटकी भिंत, इतकी बुटकी की वाटीभर साखर मागायला दार उघडावं लागत नाही. केसरमाय गल्लीतली सगळ्यांत जुनी बाई. तिचा मुलगा रवींद्र तापीकाठच्या मळ्यांतून केळीचे घड कापून गाड्या भरायचं काम करवून घेतो. स्वभावाने इतका गरीब, की त्याला काहीही विचारलं तर तो म्हणतो, आईला विचारा. त्याची बायको मनीषा. दोन मुली, धाकटी तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. धाकटीच्या वेळी मनीषाचं रक्त इतकं कमी झालं होतं, की तिच्या नखांचा रंग कागदासारखा झाला होता आणि पुढे वर्षभर तो परत आला नाही. जिना चढली की ती मधल्या पायरीवर बसायची. बसल्याबसल्या पदराने वारा घ्यायची आणि आपण मुद्दामच बसलोय असं दाखवायची.

केसरमायला नातू हवा होता. तिने ते कधी लपवलं नाही, तिला ते लपवण्यासारखं वाटतच नव्हतं. आणि मनीषाला काय हवं होतं, ते तिने मला एकदा चक्कीच्या घरघराटात सांगितलं. चक्कीत एक बरं असतं, बाजूच्यालाही ऐकू जात नाही.

"भाभी, माले आते आंडेर बी नही जोयजे, आंडोर बी नही जोयजे," ती म्हणाली. मुलगीही नको, मुलगाही नको. "माले फक्त दम लेवाना शे."

एवढीच मागणी होती. दम घ्यायचा होता. पुढच्या सगळ्या गोष्टीत हीच एक मागणी हातात घेऊन ती बाई दारोदार फिरली, असं समजा.

दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या तिने आधी घेऊन पाहिल्या होत्या. पट्टी लपवली तांदळाच्या डब्यात. केसरमायला ती सापडली. मनीषा म्हणाली, डोकेदुखीच्या आहेत. केसरमाय म्हणाली, मग माझ्या गुडघ्यालाही चालतील, आणि रोज एक घेऊ लागली. पट्टी संपेपर्यंत घेतली. गुडघा थोडा हलका वाटतो, असं तिने मला स्वतः सांगितलं, आणखी मिळतील का हेही विचारलं. मी तोंडात पदर कोंबून चक्कीच्या मागे गेले. पण मनीषा हसली नाही. तिच्यासाठी घरात लपवायला जागा उरली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता.

म्हणून सुई. तीन महिन्यांची सुई निघाली आहे, घरात पट्टी नको, डबी नको, कुणाला काही दिसत नाही, असं आशाताईंनी मला सांगितलं होतं. आशाताई म्हणजे आमच्याच गावची सून, घरोघर फिरून बाळंतिणींची विचारपूस करणारी. संक्रांत होऊन गेली होती. धाकटीला डोस द्यायचा आहे असं केसरमायला सांगून आम्ही दोघी गावाबाहेरच्या सरकारी उपकेंद्रात गेलो.

या केंद्राबद्दल थोडं सांगायला हवं. त्याच्या दाराबाहेर भिंतीला एक पत्र्याची पेटी लावलेली आहे. पुरुषांनी लाज न बाळगता येता-जाता त्यातून निरोध घ्यावेत, अशी सरकारची इच्छा. पेटी बऱ्याच काळापासून रिकामी, आणि त्यात चिमणीने घरटं केलेलं. त्या दिवशीही आत पिल्लं ओरडत होती. त्या पेटीत कुणाचा संसार वाढावा, याला काही ताळतंत्र! मी मनीषाला दाखवलं, तेव्हा मात्र ती हसली. मला आठवतं, कारण तिला तशी हसताना मी पुढे फार दिवस पाहिलं नाही.

केंद्रातही हंगाम असतात. शेतातल्यासारखेच. एखाद्या महिन्यात वरून तांबी आली की जी बाई दारात उभी राहील तिला तांबी. थंडीत शिबिर लागलं की ऑपरेशन. त्या महिन्यात सुईचा हंगाम होता. बाईला काय हवं, हे कोणत्याच हंगामात पिकत नाही. सिस्टर मोलगीकडची, तरुण, पुस्तकातलं स्वच्छ मराठी बोलणारी. स्वभावाने वाईट मुळीच नव्हती. पण तिच्याकडे इतकी गावं होती, की बोलताना ती उभीच असायची. तिने मनीषाला बाकावर बसवलं, दंड पुसला, सुई दिली आणि म्हणाली, "ताई, आता तीन महिने बिनघोर. पुढची कोण?"

पुढची आलीसुद्धा. मनीषा दंड चोळत उठली. काही त्रास होतो का, काही वेगळं वाटेल का, असं विचारायला तिने तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. मी म्हणाले, चल, बिनघोर म्हणालीय ना.

आता गोधडीकडे येते.

केसरमायच्या घरात पाळी आली की सुनेने बाहेर बसायचं. मागच्या पडवीत, गुरांच्या गव्हाणीशेजारी. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि अंथरायला एक निळी गोधडी, मनीषाच्या आईने जुन्या साड्यांची शिवून दिलेली. न्हाऊन ती परत घरात आली, की ती गोधडी धुऊन आमच्या मधल्या भिंतीवर वाळत पडायची. गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची. आमच्याकडे कुणाच्या घरी काय चाललंय हे कॅलेंडर बघून कळत नाही, भिंतीवर बघून कळतं. प्रत्येक घराची एक खूण आहे. कुणाची सतरंजी, कुणाची चटई. केसरमायकडची निळी गोधडी.

सुई घेतली आणि त्या महिन्यात भिंत रिकामी राहिली.

पहिल्यांदा ते केसरमायच्या लक्षात आलं. मनीषाच्याही आधी, असं म्हटलं तरी चालेल. तिने मनीषाच्या हातातून पाण्याची कळशी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी भाकरीवर तुपाचा गोळा. तिसऱ्या दिवशी कुठूनतरी पहिली कैरी आली. चक्कीत ज्वारी दळायला आली तेव्हा तिने समोर बसलेल्या बायांना बजावलं, यंदा आमच्या मनीषाला बिबडे थापायला बोलवायचं, पण पातेलं उचलायला नाही.

"तिले वजन उचलू दिऊ नका," ती म्हणाली, आणि असं काही हसली की सगळ्या चक्कीला कळलं.

रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी मनीषा भिंतीवरून माझ्याकडे आली. चेहरा मातीसारखा. तिला वाटलं, सुई लागलीच नाही. आत काहीतरी आहे. मलाही तेच वाटलं, मी काय नर्स आहे? आम्ही दोघी केंद्रात गेलो, कुलूप. सिस्टर मीटिंगला. परत गेलो, सिस्टर लसीच्या मोहिमेवर. चिमणी मात्र घरात होती. शेवटी शहाद्याच्या एसटी स्टँडवर, गर्दीत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात बसचा दांडा धरलेल्या अवस्थेत आशाताई सापडल्या. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्या हसल्याच.

"असं भलती बायास्ले व्हस, भाभी. पाळी बंद बी व्हस, लांबी बी जास. सिस्टरनी सांगं नही का तुमले?"

आणि बस निघाली. त्या वाक्यासाठी मनीषा चार रात्री झोपली नव्हती म्हणा, की दहा, तिने मोजल्या नसतील. जे दंड पुसताना सांगायचं होतं, ते आम्हाला बसच्या धुरात मिळालं. मला अजून वाटतं, औषधाच्या बाटलीपेक्षा त्या एका वाक्याचं वजन कमी होतं. ते आमच्या गावापर्यंत पोचवायला जीपसुद्धा लागली नसती.

मनीषाच्या जिवात जीव आला, पण घरात तोवर नातू आलेला होता. केसरमायने सासरी असलेल्या लेकीलाही कळवलं होतं. रवींद्र केळीच्या गाडीवरून येताना पेरू आणू लागला होता. आता यांना काय सांगायचं? मनीषाने सुई घेतली म्हणून? मग माझ्या अंगातला हवालदार जागा झाला. मी म्हणाले, यात काय अवघड आहे, तू बाहेर बस.

ती म्हणाली, "भाभी, मी खोटी कशी बठू?"

मी तिला सगळं करून दाखवलं. सकाळी उठून कमरेवर हात कसा ठेवायचा. सासूकडे न बघता पडवीकडे कसं जायचं. तांब्या स्वतः घ्यायचा नाही, मोठीला सांगायचं. कुणी विचारलं तर बोलायचं नाही, नुसतं खाली बघायचं. खरी पाळी आलेली बाई नाहीतरी दुसरं काय करते? आम्हा बायकांची या भूमिकेची तालीम वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून झालेली असते. मला फार मजा येत होती, हे कबूल करायला मला कसलीच लाज नाही. मनीषाही दोनदा हसली. मग ती गेली आणि गव्हाणीशेजारी निळी गोधडी अंथरून बसली. न्हाऊन झाल्यावर गोधडी भिंतीवर पडली. मी माझ्या बाजूने तिच्याकडे बघत चहा घेतला. पडदा पडला, असं मला वाटलं.

पण नाटकाचा पुढचा अंक केसरमायने लिहिला. पाळी चुकलेली, मग उशिरा आलेली. जुन्या बाईच्या हिशेबात याचा अर्थ एकच होतो, आणि आम्हा दोघींच्या डोक्यात तो आलाच नव्हता. ती भिंतीशी येऊन उभी राहिली, गोधडीवर हात ठेवला आणि रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.

"ऱ्हायनं नही," ती म्हणाली. "पडी गयं."

जे कधी नव्हतंच, त्याच्यासाठी ती रडत होती, आणि मी तिला सांगू शकत नव्हते. झालं, त्या दिवसापासून मनीषा ही दिवस गेलेली बाई राहिली नाही, जिचं टिकत नाही अशी बाई झाली. दुसऱ्या शब्दांत, आधी तिच्याकडून नातू मागत होते, आता तिची दुरुस्ती करू लागले. तापीपलीकडची एक औषधवाली म्हातारी बोलावली गेली. तिने मुळ्या दिल्या, कडू जहर, उपाशीपोटी घ्यायच्या. केसरमाय स्वतः वाटी धरून उभी राहायची. मुळी पोटात गेल्याशिवाय हलायची नाही. एका बाजूने मूल होऊ नये म्हणून दंडात सुई, दुसऱ्या बाजूने मूल टिकावं म्हणून पोटात मुळी, आणि मध्ये ही पांढऱ्या नखांची पोरगी. मी पुष्कळ सोंगं पाहिली आहेत. इतकं अवघड सोंग कुणी वठवलेलं पाहिलं नाही.

आणि मग बिबड्यांचे दिवस आले. आणि नेमकं तेव्हा तिला खरंच रक्त जाऊ लागलं.

आशाताई म्हणाल्या होत्या तसं, लांबणारं. थोडं थोडं, पण रोज. खोटं बाहेर बसून ती नुकतीच आत आली होती. पुन्हा बसली असती तर केसरमायने औषधवालीला कायमची घरात ठेवून घेतली असती. म्हणून ती बसली नाही. तशीच चुलीशी गेली, देवाजवळ दिवा लावला, आणि तशीच गच्चीवर आली.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. बाहेरच्या बाईने बिबड्यांना हात लावला, नुसती सावली पडली, तरी बिबडे लाल पडतात, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. केसरमायची तर होतीच. त्या पहाटे तिने सगळ्या बायांकडे नजर टाकून विचारून घेतलं होतं. मनीषा माझ्या शेजारी बसली. पाण्यात बोटं बुडवून तिने घाटा उचलला, ओल्या धोतरावर ठेवला आणि गोल फिरवत थापला. एक, मग दुसरा. ऊन वर येत होतं, तीळ चमकत होते, खाली मुली घाट्यावर तेल घेऊन वाट्या चाटत होत्या. दर चार बिबड्यांमागे ती पाठ कठड्याला टेकत होती. भीतीने की अशक्तपणाने, ते मी विचारलं नाही. केसरमाय म्हणाली, मनीषाचे बिबडे बघा, कसे पातळ येतात.

संध्याकाळी धोतर उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडलं आणि बिबडे सुटे केले. पांढरेशुभ्र. एकाला तडा नाही. त्या वर्षीसारखे बिबडे आमच्या गल्लीत परत झाले नाहीत. केसरमायने ते लेकीच्या सासरी पाठवले, देवळात नैवेद्याला ठेवले, माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात तळले. मी प्रत्येक ठिकाणी मागून मागून खाल्ले. इतका चवीचा विजय मला कधी मिळाला नव्हता, आणि तो कुणाला सांगताही येत नव्हता. आज सांगते आहे.

पण बिबडे वाळले तशी तीही वाळत चालली. मी घाबरले. तीन महिने भरत आले होते, पुढची सुई घ्यायची की नाही हेही कुणाला तरी विचारायला हवं होतं. पुन्हा केंद्रात. मोलगीची सिस्टर बदलून गेली होती. नवी सिस्टर म्हणाली, सुई संपलीय, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात म्हणाली, वरूनच आली नाही. रक्त जातंय म्हटल्यावर तिने लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या घ्यायच्या कशा हे न सांगता. मग मनीषाकडे, दोन मुलींकडे बघून म्हणाली, "दोन झाली ना? ऑपरेशन करून टाका. हिवाळ्यात शिबिर लागेल, नवऱ्याला घेऊन या."

मी विचारलं, "आणि हिवाळ्यापर्यंत?"

"काळजी घ्यायची," ती म्हणाली.

बाहेर पेटीतली पिल्लं उडून गेली होती. पेटी खऱ्या अर्थाने रिकामी झाली होती.

ऑपरेशनचा विषय मी एकदा केसरमायपुढे अंदाज घ्यायला काढला. वाटलं होतं भडकेल. ती भडकली नाही, गोष्ट सांगू लागली. तिचं ऑपरेशन शाळेच्या खोलीत झालं होतं, थंडीच्या शिबिरात. फळ्यावर पाढे तसेच लिहिलेले. खाली लग्नाच्या मांडववाल्याच्या गाद्या, कुणाच्यातरी हळदीचे डाग असलेल्या. बायांना ओळीने झोपवलं, ओळीने उठवलं, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून कच्च्या रस्त्याने घरी आणून सोडलं. प्रत्येक खड्ड्याला सगळ्या मिळून ओरडायच्या आणि ड्रायव्हरला वाटायचं बाया गाणी म्हणतात. हे ती हसवून सांगते, नेहमीच. मीही हसले. मग मी म्हणाले, पण माय, तुला नको होतं तर तू गेलीस कशाला?

तिने पोटावर हात ठेवला, जिथे तिला अजून पातेलं उचलताना दुखतं.

"माले कोनी इचारं व्हतं?" ती म्हणाली.

मला वाटत होतं, भिंतीच्या त्या बाजूला एक सासू आहे आणि एक सून. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, की तिथे दोन सुना आहेत, एक म्हातारी झालेली. तरीही म्हातारीला नातू हवाच होता. स्वतःला न विचारलं गेलेलं माणूस दुसऱ्याला विचारायला शिकतं, असं काही नसतं.

रवींद्रला मनीषाने एकदा सांगून पाहिलं, तू तरी काही वापर. तो लाजला, म्हणाला, असलं काही मेडिकलमध्ये मागायचं कसं, दुकानदार ओळखीचा. पेटीतून घ्यायचं तर पेटीत नुसतं घरटं. शेवटी म्हणाला, आईला विचारू का? मनीषाने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो, की डोळे पुसावे लागले, आणि पुसतापुसता तिच्या डोळ्यांचं थांबेना.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा भिंत पुन्हा रिकामी राहिली. या वेळी खरंच दिवस राहिले होते. केसरमाय म्हणाली, मुळी लागू पडली. औषधवालीला लुगडं गेलं. मनीषाने एकदा आपली नखं पाहिली आणि मुठी मिटून घेतल्या.

बाळंतपणात तिला नंदुरबारला न्यावं लागलं. रक्ताच्या बाटल्या मिळेपर्यंत रवींद्र दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, आणि त्या दिवशी त्याला विचारायला आईसुद्धा जवळ नव्हती. ती वाचली. तिसरीही मुलगी. केसरमाय थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसली, मग वळली, बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्या टाळूला तेल लावू लागली. मुळी चांगली होती, ती म्हणाली, मुलगाच हवा एवढं आपण औषधवालीला सांगायला विसरलो. दवाखान्यात कुणीतरी मनीषाला म्हणालं, तीन मुली, आधी काही वापरायला काय झालं होतं? मी उत्तर दिलं असतं, पण तिथे मोठ्याने बोलायला बंदी होती.

हे सगळं आता आठवायचं कारण, यंदाचा फाल्गुन. यंदाही आम्ही गच्चीवर होतो. माझी सून पिशवीवाली, तीही घाटा खायला आली होती. केसरमाय आता खाली बसू शकत नाही, खुर्चीवर बसून हुकूम सोडते. मनीषाची तिसरी पोर तिच्या काठीशी खेळत होती. मनीषा थापत होती. केंद्रात सुई पुन्हा आली आहे, आणि ती घेते. बाहेर बसायचे दिवस ती आपले आपण ठरवते. मला विचारत नाही. कधी खरं, कधी सोंग, माझ्यासारख्या जाणत्या बाईलाही आता ओळखू येत नाही. नखं अजून पांढरीच आहेत.

समोरच्या घरातली नवी सून पूजा आमच्यात बसली होती. तान्हं मूल खाली झोपवून आलेली. केसरमायने खुर्चीवरून समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि मग पूजाकडे, आणि असं काही हसली, की गच्चीभर कळलं. तुमच्या घरची चटई दिसली नाही बाई या महिन्यात, ती म्हणाली. पूजाने मान खाली घातली. तिचा हात घाट्यात होता तो तिथेच राहिला. डावा हात मात्र नकळत दंडावर गेला आणि दंड चोळू लागला. तो चेहरा मी ओळखते. मातीचा रंग. म्हणजे तिलाही सुईच मिळाली, आणि तिलाही वाक्य मिळालं नाही. इतक्या वर्षांत सिस्टर बदलल्या, पेटीला नवा रंग दिला गेला, सुया आल्या, संपल्या, परत आल्या. ते एक वाक्य अजून बसच्या दाराशीच उभं आहे.

मनीषाने थापलेला बिबडा पुरा केला. हात धुतले, पदराला पुसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, पूजा, चल, पाणी संपलं, कळशी भरून आणू. कळशी भरलेली होती. मी पाय लांब करून ती माझ्या लुगड्याआड ओढून घेतली. त्या दोघी जिना उतरल्या. मी कठड्यावरून वाकले, जुनी खोड.

खाली मागच्या पडवीत मनीषाने खुंटीवरची निळी गोधडी काढली. विटून तिचा रंग आता धुराच्या आसपास आला आहे. तिने पूजाला आधी ते वाक्य सांगितलं, हळूहळू, दोनदा. बंद होते, लांबते, घाबरू नको, आत काही नाही. पूजा ओट्यावर बसली आणि तोंड झाकून रडली. मनीषाने तिला रडू दिलं. मग गोधडी घडी करून तिच्या मांडीवर ठेवली.

"हाई अंथरी बठ, मंग वाळत टाक," ती म्हणाली. "बाकीनं मी देखी लेसू."

चार दिवसांनी समोरच्या भिंतीवर निळी गोधडी वाळत पडली. केसरमायने ती गच्चीवरच्या खुर्चीतून पाहिली, बराच वेळ पाहिली. स्वतःच्या घरची गोधडी तिला ओळखू आली नसेल, हे मी मानत नाही. तिचे डोळे अजून सुई ओवतात. ती माझ्याकडे वळली, काहीतरी विचारणार असं वाटलं. मग तिने पोटावर हात ठेवून डोळे मिटले आणि ती म्हणाली, ऊन चढलं, बिबडे उलटवा.